चव, पारख आणि बंगळूर

बंगळुरास बदली झाल्याचा हुकूम हाती पडला की मराठी अधिकाऱ्याच्या घरी पहिला आनंद होतो तो तेथल्या हवेचा. त्यामागून जागा होतो तो शहाजीराजांच्या जहागिरीचा अभिमान. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले व ते शहाजीराजांकडे आले. पुढे १६८७ साली, मोगलांच्या स्वारीच्या धामधुमीत, तीन लाखांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. मल्लेश्वर भागातील काडु मल्लेश्वराच्या देवळास एकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख आजही पाहावयास मिळतो, आणि नवा आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात एकदा तरी तेथे जाऊन येतो. या दोन गोष्टी आम्ही पाहुण्यांस मोठ्या उत्साहाने सांगतो. तिसरी गोष्ट सांगताना मात्र आमचा आवाज आपोआप खाली येतो. ती गोष्ट म्हणजे या शहरात दीडशे वर्षांत वाढलेली बिअरची आणि अलीकडे जगात नाव कमावून बसलेली व्हिस्कीची कला, आणि त्या कलेची पारख करण्याची विद्या.

आवाज खाली का येतो, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. आमच्या मनात दारू म्हटली की सुधाकर, सिंधू आणि तळीराम उभे राहतात. गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि मराठी घराच्या अंतःकरणात त्या प्याल्याने जी जागा धरली ती अद्याप सोडलेली नाही. त्याच्याही आधी, १९०८ साली, लोकमान्यांच्या अनुयायांनी पुण्यातील दारूच्या गुत्त्यांवर निरोधन केले होते. पुढे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. १९५१ साली बलसारा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्द केली आणि बाकीचा कायदा कायम ठेवला. त्या कायद्याखाली प्रकृतीच्या कारणास्तव परवाने मिळत. म्हणजे मराठी माणूस कायद्याच्या दृष्टीने प्याला तर रोगी म्हणून, आणि नाटकात प्याला तर बळी म्हणून. ‘परमिट रूम’ ही पाटी महाराष्ट्रातील रस्त्यांवर अजून दिसते. तिच्यात त्या काळाचे ओशाळलेपण जसेच्या तसे शिल्लक आहे. आमच्या वाङ्मयात पिणारा पुष्कळ ठिकाणी भेटतो. चव घेऊन, थांबून, तिच्याविषयी दोन शब्द बोलणारा पारखी मात्र फारसा भेटत नाही.

हे असेच सर्वकाळ होते असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार त्यात वेगळे केले आहेत, आणि कोणत्या प्रकारात कोणते द्रव्य किती घालावे हेही मापासकट सांगितले आहे. दुकानात निरनिराळ्या खोल्या असाव्यात, बसावयास आसने, सुगंध, फुले व पाणी असावे, आणि गिऱ्हाईक आपल्या ऐपतीबाहेर खर्च करीत नाही ना हे गुप्त हेरांनी पाहावे, असेही तेथे म्हटले आहे. रस आणि महसूल, आतिथ्य आणि पाळत, ही सारी एकाच खात्याकडे! आमच्या वाचकांपैकी जे आबकारी खात्यात असतील त्यांना या प्रकरणात आपला आद्य पूर्वज भेटेल. चरकसंहितेतही मदात्ययाचे प्रकरण आहे. मद्याने काय बिघडते हे सांगण्यापूर्वी मद्य विधिपूर्वक कसे घ्यावे हे तेथे सांगितले आहे. प्राचीनांनी त्या वस्तूकडे डोळे मिटून पाहिले नाही, एवढेच आम्हांस येथे म्हणावयाचे आहे.

आधुनिक काळात मद्याला मोजण्याची पहिली गरज लागली ती रसिकांना नव्हे, सरकारला. कर बसवायचा तर त्यातला मद्यार्क किती हे ठरवावे लागे. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेट घेते की नाही हे पाहण्याची जुनी रीत सांगतात. ‘प्रूफ’ हा शब्द त्या रीतीशी जोडला जातो. १८१६ साली इंग्लंडात कायदा झाला आणि बार्थोलोम्यू साइक्स याचे द्रवमापक यंत्र सरकारी माप ठरले. तेच यंत्र कंपनी सरकारच्या व पुढे राणीच्या राज्यात आबकारी अंमलदारांच्या पेटीतून हिंदुस्थानभर फिरले. त्याची खूण आजही बाटलीवर आहे. आपल्याकडील व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा का असतो, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. जुन्या ब्रिटिश मापात शंभर अंश प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याचे पाऊण केले की ४२.८ येतात. राज्य गेले, यंत्र संग्रहालयात गेले, आकडा राहिला. शासनव्यवहारात असे पुष्कळ आकडे राहतात हे आम्हां अधिकाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

सरकारमागून व्यापार आला. बिअरचा रंग दर घाण्याला सारखा असावा म्हणून जोसेफ लव्हिबाँड या इंग्रज मद्योत्पादकाने १८८५ साली रंगीत काचांच्या पट्ट्यांनी रंग मोजण्याचे यंत्र काढले. ‘लव्हिबाँड’ हे माप आजही भाजलेल्या माल्टचा रंग सांगण्यास वापरतात. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट याच्यापुढे दुसरा पेच होता. थोड्याशा नमुन्यांवरून मोठ्या मालाविषयी किती खात्रीने बोलावे? त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो निबंध लिहिला त्यातून संख्याशास्त्रातील एक प्रसिद्ध कसोटी जन्मास आली. १९३५ साली रोनाल्ड फिशरने आपल्या ग्रंथात चहा चाखणाऱ्या बाईंचा प्रयोग मांडला. कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपण चवीवरून ओळखतो असे त्या म्हणत. आठ कप, चार एका रीतीचे व चार दुसऱ्या. केवळ अंदाजाने सारे बरोबर सांगण्याची शक्यता सत्तरांत एक. मद्यशाळांनी या विचाराची एक सोपी आवृत्ती काढली. तीन ग्लास भरावयाचे, दोहोंत एकच पेय, तिसऱ्यात निराळे. निराळा कोणता ते ओळखावयाचे. ही त्रिकोण-कसोटी १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेत वापरात आली. तिच्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत, कारण तिने आमचाच मुखभंग केला आहे.

आता बंगळुराकडे वळू. १८०९ साली श्रीरंगपट्टणाची हवा मानवेना म्हणून इंग्रजांनी आपले लष्कर बंगळुरास हलविले व छावणी वसविली. छावणी आली तशी गोऱ्या शिपायाची तहान आली. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत ठिकठिकाणी बिअरचे छोटे कारखाने निघाले. त्यांपैकी पाच एकत्र करून थॉमस लिशमन या स्कॉटिश गृहस्थाने १९१५ साली युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी उभी केली. भल्यामोठ्या पिंपांत भरलेली बिअर बैलगाडीवरून पलटणींकडे जाई. १९४७ साली मंगळुराकडील विठ्ठल मल्ल्या या तरुणाने कंपनीचे भाग घेऊन तिच्या संचालक मंडळात पहिला हिंदी माणूस म्हणून प्रवेश केला व वर्षभरात अध्यक्षपद मिळविले. साहेब गेला आणि त्याच्या पेयाचा कारखाना येथेच राहिला. साहेबाच्या हिशेबाची एक गंमतही येथे राहिली आहे. बंगळूर क्लबाच्या १८९९ सालच्या नोंदवहीत वसूल न होणाऱ्या रकमांच्या यादीत लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर तेरा रुपये मांडलेले आहेत. पुढे सबंध साम्राज्याचा हिशेब ज्याच्या हाती आला त्याची ही बाकी लेखापरीक्षकांच्या अनेक पिढ्यांनी कौतुकाने पाहिली आहे.

१९८० च्या दशकात शहरात ‘पब’ नावाची संस्था रुजली. मोठा बदल मात्र २०१० नंतर आला. राज्याने छोट्या मद्यशाळांना परवाने देण्यास सुरुवात केल्यावर ज्या छपराखाली बिअर तयार होते त्याच छपराखाली ती पिण्याची सोय झाली. इंदिरानगरचे टॉइट, विठ्ठल मल्ल्या रस्त्याजवळचा बीअर क्लब, मॅग्राथ रस्त्यावरचे आर्बर अशी नावे तरुणांच्या तोंडी बसली. येथे गव्हाची, भाजलेल्या माल्टची, कडू हॉप्सची असे प्रकार मिळू लागले. बासमती तांदूळ, नाचणी, आंबा यांचेही प्रयोग झाले. या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता, हे सांगताना आमची मान थोडी उंचावते. पुण्यात २००९ सालीच ‘डूलाली’ ही छोटी मद्यशाळा निघाली होती. हा शब्द मूळचा आमच्या नाशकाजवळच्या देवळालीचा. मायदेशी परतण्याची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कुजलेल्या गोऱ्या शिपायांचे डोके फिरे, म्हणून वेडाला इंग्रजी बोलीत ते गावच नाव म्हणून चिकटले. बदलीची वाट पाहणाऱ्या कोणाही अधिकाऱ्यास त्या शिपायांविषयी थोडी सहानुभूती वाटल्यावाचून राहणार नाही.

प्रकार वाढले तसा त्यांची प्रतवारी करणारा वर्गही वाढला. या विद्येचा आधुनिक आचार्य म्हणजे मायकेल जॅक्सन. हा गायक नव्हे, इंग्लंडातील त्याच नावाचा पत्रकार. त्याने १९७७ साली जगातील बिअरवर ग्रंथ लिहून निरनिराळ्या देशांतील बिअरची कुळे लावून दिली, आणि १९८९ साली माल्ट व्हिस्कीवरचा ग्रंथ लिहिताना प्रत्येकीस शंभरांपैकी गुण दिले. वाइनच्या प्रांतात शंभर गुणांची रीत अमेरिकन वकील रॉबर्ट पार्कर याने १९७८ पासून रूढ केली होती. पुढे जिम मरे या दुसऱ्या इंग्रजाने व्हिस्कीचे गुण चार वाटण्यांत विभागले. गंध, चव, मागे रेंगाळणारी रुची आणि समतोल, प्रत्येकास पंचवीस. परीक्षेच्या पेपरासारखी ही वाटणी पाहून मराठी माणसास घरच्यासारखे वाटते यात नवल नाही. आमची सारी उमेदच मुळी गुणपत्रिकेवर पोसलेली.

या गुणांच्या बाजारात बंगळूर शिरले त्याची कथा विशेष आहे. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी येथे अमृत डिस्टिलरीज स्थापन केली. जगदाळे हे आडनाव कानावर पडताच मराठी वाचक सावरून बसेल. परंतु आडनावावरून कुळकथा रचण्याचा मोह आम्ही आवरतो. ते घराणे या शहराचे आणि त्यांचे कर्तृत्व या मातीचे, एवढे पुरे. वडिलांमागून नीलकंठ जगदाळे यांनी कारभार पाहिला. त्या काळी आपल्याकडील बहुतेक ‘व्हिस्की’ उसाच्या मळीच्या मद्यार्कावर उभी होती. आजही पुष्कळशी तशीच आहे. ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्यांच्या परिसरात नोकरी केली असेल त्यांना मळीचा तो जड, आंबूस दर्प ठाऊकच आहे. युरोपात तिला व्हिस्की म्हणत नाहीत. आमच्या कायद्यानेही तिला ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असे नाव ठेवले आहे. जन्म येथला आणि जात परक्याची, असे हे नाव! नीलकंठरावांनी १९८० च्या दशकात सातूपासून माल्ट व्हिस्की गाळण्यास आरंभ केला, पण ती मिश्रणात घालण्यासाठी. पुढे त्यांचे चिरंजीव रक्षित हे इंग्लंडात न्यूकॅसल येथे शिकत असता हिंदी सिंगल माल्ट तेथे विकता येईल काय, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय झाला.

सिंगल माल्ट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. सातूला मोड आणावयाचे, ते वाळवावयाचे, दळून गरम पाण्यात त्याची साखर उतरवावयाची, ती आंबवावयाची, तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळावयाची आणि मग ओकच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवावयाची; आणि हे सारे एकाच कारखान्यात. स्कॉटलंडात किमान तीन वर्षे मुरविण्याचा कायदा आहे, आणि तेथल्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के द्रव उडून जातो. त्यास तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच असले तरी हवा उष्ण व कोरडी. येथे वर्षाला दहा-बारा टक्के उडते. दहा टक्क्यांनीच हिशेब केला तरी आठ वर्षांत पिंपात अर्ध्याहून कमी उरते. स्कॉटलंडात बारा वर्षांनंतरही जवळजवळ चार-पंचमांश शिल्लक असते. मात्र उष्णतेने लाकडाचा गुण द्रवात लवकर उतरतो. म्हणून येथील चार-पाच वर्षांचा माल तिकडच्या बऱ्याच जुन्या मालाशी स्पर्धा करतो. पुढे अमृतने आठ वर्षांची जी व्हिस्की काढली तिचे नावच ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत, असे ठेवले. आमच्या पुराणकारांना विचारले असते तर त्यांनी देवदूतांऐवजी गंधर्वांचे नाव घेतले असते. सोम मुळात गंधर्वांजवळच होता, आणि वाग्देवीला स्त्रीरूपाने पाठवून देवांनी तो त्यांच्याकडून परत मिळविला, अशी कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे.

२००४ च्या ऑगस्टमध्ये अमृतची सिंगल माल्ट ग्लासगो शहरात प्रथम विक्रीस ठेवली गेली. काशीत जाऊन गंगाजल विकण्यासारखेच हे साहस! त्यापूर्वी तेथल्या मद्यगृहात नाव न सांगता ती चाखावयास दिली होती आणि चाखणाऱ्यांनी ती आपल्याच मुलखातील मानली. नाव कळल्यावर मात्र दुकानदार बिचकत. २००५ साली जिम मरे याने तिला ८२ गुण दिले. पुढे हिंदी सातू आणि धुरावलेला स्कॉटिश सातू यांच्या मेळातून ‘फ्यूजन’ निघाली. मरेच्या २०१० च्या ग्रंथात तिला ९७ गुण मिळाले व जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की म्हणून तिची गणना झाली. त्यानंतर चित्र पालटले. गोव्यात कुंकळ्ळी येथे पॉल जॉन, उत्तरेत रामपूर व इंद्री अशी नावे पुढे आली. नीलकंठराव २०१९ साली निवर्तले. परंतु तोवर हिंदी माल्ट म्हटले की कोणी हसत नव्हते.

या विजयाचा आम्हांस आनंद आहेच. पण त्यासोबत एक शल्यही आहे. जी वस्तू आमच्या शहराच्या वेशीवर, म्हैसूर रस्त्यावरील कंबीपुरात तयार होते, तिची थोरवी आम्हांस एका इंग्रजाच्या आकड्याने कळली. १९७६ साली पॅरिसमध्ये नावे झाकून घेतलेल्या परीक्षेत कॅलिफोर्नियाच्या वाइनने फ्रान्सच्या वाइनला मागे टाकले, तेव्हा निदान परीक्षक फ्रेंच होते. त्यांच्याच जिभेने त्यांचा गर्व उतरविला. आमच्या बाबतीत आमची जीभ साक्षीलाही बोलाविली गेली नव्हती. आणि खरे सांगावयाचे तर, बोलाविली असती तर तिच्यापाशी शब्द होते काय?

हा प्रश्न आम्हांस एका संध्याकाळी पडला. येथे निरनिराळ्या खात्यांत असलेले आम्ही पाच मराठी स्नेही अण्णांच्या घरी जमलो होतो. दोन कारखान्यांच्या दोन माल्ट होत्या. एक महाग व एक बेताच्या किमतीची. बाटल्या समोर ठेवून आम्ही गुण दिले. महागडीला कोणी ९१, कोणी ९३; दुसरीला ७८, ८०. टिपणेही इंग्रजी पुस्तकांतल्याप्रमाणे ऐटबाज झाली. एकाने हेदर फुलांचा गंध नोंदविला. त्याचा जन्म परभणीचा आणि ते फूल त्याने चित्रातही पाहिले नव्हते. मग अण्णांच्या अभियंता मुलाने ती त्रिकोण-कसोटी मांडली. आत जाऊन तीन-तीन ग्लास भरून आणले आणि निराळा कोणता ते ओळखावयास सांगितले. पाचांपैकी दोघांचे उत्तर बरोबर आले. केवळ नशिबावर सोडले असते तरी दीड-दोघांचे आलेच असते! ज्या दोन मद्यांत आम्ही तेरा-तेरा गुणांचे अंतर पाहिले होते, ती आम्हांस वेगळी ओळखताही येत नव्हती. आमच्या जिभेने किमतीच्या चिठ्ठीची चव घेतली होती.

वहिनी दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या पीत नाहीत. “नुसता वास घेतला तर चालेल का रे?” असे मुलाला विचारून त्यांनी तिन्ही ग्लास नाकाशी नेले आणि मधला बाजूला काढला. बरोबर होता. मुलाने ग्लास बदलून पुन्हा दिले, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर. अंदाजाने असे होण्याची शक्यता सत्तावीसात एक. अण्णांनी चकित होऊन विचारले, “तुला कळलं कसं?” तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यात काय कळायचंय? या दोघांत गूळ जरा करपलाय. या तिसऱ्यात नुसता पाकाला आलाय.”

आम्ही पुन्हा वास घेतला, आणि काय सांगावे! खरोखरच एकीत करपलेला गूळ होता व दुसरीत पाक. शब्द मिळताच नाकाला ते दिसू लागले. ‘नाकाने कांदे सोलणे’ ही म्हण आम्ही आजवर दुसऱ्यांना लावीत आलो होतो. त्या संध्याकाळी ती आम्हांस चपखल बसली. व्हिस्कीचे मिश्रण करणारे जाणते लोकसुद्धा बहुतेक काम नाकानेच करतात, आणि ते नाक मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहे. तूप कढत असता ते नेमके कोणत्या क्षणी उतरावे, लोणचे मुरले की नासले, हिंग अस्सल की भेसळीचा, हे त्या नाकाने ठरविले. खमंग, खरपूस, करपट, तुरट, आंबूस, ओशट, कुबट, मुरलेले, उग्र, मंद हे सारे शब्द आमचेच. स्कॉटलंडातील पीटच्या धुराला इंग्रज लेखक ज्या उपमा देतात त्या आम्हांस परक्या. पण पहिल्या पावसात भिजलेल्या लाकडांनी चूल पेटविली असता घरभर होणारा धूर आम्हांस परका नाही. बंगळुरातच कॉफी मंडळाची कचेरी आहे; कॉफीचा कस कपाकपाने चाखून ठरविण्याची विद्या या शहरास नवी नाही. उणीव आहे ती आपल्या जिभेची साक्ष आपल्या भाषेत नोंदविण्याची.

येथवर वाचून कोणी म्हणेल, पारखीची एवढी स्तुती कशासाठी? जाणतेपणाच्या आडून व्यसनच चालावयाचे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आमचे एक सहकारी होते, आमच्याच तुकडीतले. त्यांच्याइतके चवीचे जाणते आम्ही दुसरे पाहिले नाही. परमुलखातील बदल्या, मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यास राहिलेले बिऱ्हाड, संध्याकाळचा रिकामा सरकारी बंगला, हे आमच्या वाचकांना ठाऊक असलेले सारे त्यांच्याही वाट्यास आले. निवृत्तीला सहा वर्षे असता ते गेले. यकृताचा विकार, असे कागदावर आहे. त्यांची चाखण्याची वही त्यांच्या पत्नीने आम्हांस दिली. घरात ठेववत नाही, असे त्या म्हणाल्या.

ती वही आम्ही पुष्कळ दिवसांनी उघडली. पहिल्या वर्षीच्या पानांवर एकेका पेयाविषयी दहा-दहा ओळी होत्या, सुरेख अक्षरात, मराठीत. एके ठिकाणी त्यांनी आजोळच्या माजघराची आठवण लिहिली होती. एका बिअरमध्ये त्यांना तेथील भाजणीचा वास आला होता. पुढे ओळी पाचांवर आल्या, मग दोनांवर. नंतर केवळ नाव आणि आकडा. ८४. ८१. ८८. शेवटच्या वर्षात नावेही नाहीत. तारीख आणि आकडा. मग कोरी पाने. चव गेली होती, आणि तिच्या जागी मोजदाद राहिली होती.

आम्हां अधिकाऱ्यांना हा धडा दोन अंगांनी लागू आहे. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालांत २००८-०९ सालापासून माणसांनाही एक ते दहा असे गुण देतात. आम्ही ते दिले आहेत व घेतलेही आहेत. ज्या वर्षी आम्ही एखाद्या हाताखालच्या माणसाविषयी चार खरी वाक्ये लिहिली, त्या वर्षी त्याला ओळखत होतो. ज्या वर्षी केवळ आकडा भरला, त्या वर्षी त्याला ओळखणे आम्ही सोडले होते. आकडा वाईट नव्हे. साइक्सच्या यंत्रावाचून कर बसला नसता आणि फिशरच्या गणितावाचून आमची फुशारकी उघडी पडली नसती. पण आकडा हा शब्दांच्या शेवटी येणारा निकाल आहे. शब्दांच्या जागी तो आला की काहीतरी मरू लागले आहे असे समजावे. ‘एकच प्याला’तील सुधाकराची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली. परंतु उतरणीची खूण कोठे शोधावी, हे आम्हांस त्या वहीने सांगितले. हातातील ग्लासाविषयी सांगण्याजोगे एक वाक्यही ज्या दिवशी उरत नाही, त्या दिवशी तो खाली ठेवावा.

ती वही अद्याप आमच्या टेबलाच्या खणात आहे. अण्णांच्या घरून परतलो त्या रात्री आम्ही तिच्यातील पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि वहिनींचे गुळाचे वाक्य जसेच्या तसे उतरवून ठेवले. आकडा लिहिला नाही.